हिंक्सीचा रस्ता : विद्यार्थी-श्रमदानाच्या इतिहासातील एक प्रकरण (१८७४-७५)

प्रस्तावना

महाविद्यालयीन युवकांनी एखाद्या गावी जाऊन तेथील पायवाट दुरुस्त करणे, गाडीरस्त्यावर मुरूम पसरणे, पाण्यासाठी चर खोदणे ही दृश्ये भारतीय उच्च शिक्षणाला अपरिचित नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांमुळे ती आता महाविद्यालयीन दिनदर्शिकेचा नेहमीचा भाग झाली आहेत. या परंपरेचा विचार करताना सामान्यतः म. गांधींचा सर्वोदय विचार व स्वातंत्र्योत्तर काळातील श्रमदानाची चळवळ येथपर्यंत मागे जाण्याचा प्रघात आहे. तथापि विद्यापीठातील एका प्राध्यापकाने विद्यार्थ्यांच्या हाती कुदळ-फावडे देऊन गावचा रस्ता बांधण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग त्याहीपूर्वी, इ. स. १८७४ मध्ये, इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला होता. जॉन रस्किन (१८१९-१९००) हे या प्रयोगाचे प्रणेते होते आणि ऑक्सफर्डनजीकचे नॉर्थ हिंक्सी हे खेडे त्याचे स्थळ होते.

रस्ता म्हणून पाहता हा प्रयोग फसला. त्यात सहभागी झालेल्या काही युवकांनी मात्र पुढे इंग्लंडच्या सामाजिक इतिहासात मोलाची कामगिरी केली. त्यामुळे हिंक्सीच्या कथेचा समारोप बहुधा 'रस्ता झाला नाही, पण माणसे घडली' अशा आशयाने केला जातो. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य आहे, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम रस्तेबांधणी व सक्तीचे श्रम यांच्या संबंधाची पूर्वपीठिका, नंतर प्रत्यक्ष प्रयोग, त्याचे परिणाम व अखेरीस भारतीय विद्यापीठांशी असलेला त्याचा संबंध असा क्रम स्वीकारला आहे.

रस्ता आणि सक्तीचे श्रम

सार्वजनिक वाट कोणी दुरुस्त करावयाची, हा प्रश्न इंग्लंडमध्ये दीर्घकाळ सक्तीने सोडविण्यात आला होता. १५५५ च्या कायद्यान्वये प्रत्येक पॅरिशमधील, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावातील, कुटुंबप्रमुखांवर वर्षातून चार दिवस रस्त्यांवर विनामोबदला काम करण्याचे बंधन घालण्यात आले. पुढे हे दिवस सहा करण्यात आले. ज्यांच्यापाशी गाडी व जनावरे होती त्यांनी ती पुरवावयाची आणि इतरांनी अंगमेहनत करावयाची, असा दंडक होता. ऐपतदार माणूस पैसे भरून किंवा बदली माणूस पाठवून मोकळा होऊ शके. गरिबाला स्वतः राबण्यावाचून गत्यंतर नसे. १८३५ च्या महामार्ग कायद्याने ही पद्धत रद्द झाली व रस्त्यांची देखभाल करवसुलीतून आणि मजुरी देऊन केली जाऊ लागली. म्हणजे हिंक्सीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा सक्तीच्या रस्तेकामाची आठवण बाळगणारे वृद्ध इंग्लंडच्या खेड्यांत हयात असण्याइतका तो काळ जवळचा होता.

भारतातील परिस्थिती अधिक कठोर होती, कारण येथे सक्तीचे श्रम जातीशी जखडलेले होते. योगायोग असा की, ज्या १८७४ साली ऑक्सफर्डचे उच्चकुलीन युवक स्वेच्छेने खोदकामास गेले, त्याच साली मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा, म्हणजेच वतन कायदा, संमत झाला. महार वतनदारांकडून तुटपुंज्या मोबदल्यात अहोरात्र सरकारी व गावकीची कामे करून घेण्याच्या प्रथेला या कायद्याची चौकट लाभली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात याच कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. कुमाऊँच्या डोंगराळ मुलखात तर सरकारी अंमलदारांचे सामान वाहण्याची 'कुली-बेगार' १९२१ पर्यंत चालू होती. त्या वर्षीच्या जानेवारीत बागेश्वर येथे जमलेल्या लोकांनी बेगारीच्या नोंदवह्या शरयू नदीत बुडविल्या आणि त्या प्रथेचा शेवट घडवून आणला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बेगारीस मनाई केली.

ही पूर्वपीठिका लक्षात घेतल्याशिवाय विद्यार्थी-श्रमदानाचा अर्थ पुरेसा उलगडत नाही. वेठ आणि श्रमदान या दोहोंतही मजुरी दिली जात नाही. दोहोंतील फरक हा की, वेठीत नकार देण्याची मुभा नसते आणि ती सामाजिक उतरंडीत खाली असलेल्याच्या माथी मारली जाते. श्रमदान स्वेच्छेचे असते आणि त्यात, निदान तत्त्वतः, वरच्या पायरीवरील माणूस खाली उतरून हत्यार हाती घेतो. रस्किन यांना नेमके हेच घडवून आणावयाचे होते.

रस्किन आणि ऑक्सफर्ड

रस्किन यांची १८६९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात ललित कलेचे पहिले 'स्लेड प्राध्यापक' म्हणून निवड झाली. कलासमीक्षक म्हणून त्यांची कीर्ती तत्पूर्वीच सर्वदूर पोहोचली होती. परंतु १८६० च्या सुमारास त्यांचे लक्ष कलेकडून कला निर्माण करणाऱ्या श्रमाकडे आणि तेथून समाजाच्या अर्थव्यवस्थेकडे वळले होते. 'अन्टू धिस लास्ट' हे त्यांचे चार निबंध १८६० मध्ये एका मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाले, तेव्हा वाचकांचा रोष एवढा ओढवला की संपादकांना लेखमाला आवरती घ्यावी लागली. १८६२ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. संपत्तीचे मोजमाप नाण्यांत न करता माणसांच्या जीवनात करावे, हे त्या निबंधांचे सार होते. १८७१ पासून त्यांनी इंग्लंडच्या श्रमिकांना उद्देशून 'फॉर्स क्लाव्हिजेरा' ही पत्रमाला लिहिण्यास आरंभ केला. लंडनच्या एका गरीब वस्तीतील रस्ता नमुनेदार स्वच्छ ठेवण्यासाठी त्यांनी पदरमोड करून झाडूवाले नेमले, तेही याच सुमारास.

ऑक्सफर्डमधील विद्यार्थी बहुतांशी जमीनदार, धर्मगुरू व धनिक व्यापारी यांच्या घरांतून आलेले होते. नौकानयन, क्रिकेट यांसारख्या खेळांत ते आपली शारीरिक शक्ती मुक्तहस्ते खर्च करीत. हीच शक्ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल अशा कामात का लावू नये, हा रस्किन यांचा साधा प्रश्न होता. त्यामागे शिक्षणविषयक भूमिकाही होती. ज्याने कधी दगड फोडला नाही त्याला दगड फोडणाऱ्याच्या आयुष्यासंबंधी कायदे करण्याचा वा मते देण्याचा अधिकार कितपत आहे, अशी शंका त्यांच्या लेखनातून वारंवार डोकावते. पुढे पार्लमेंट, प्रशासन आणि चर्च यांत अधिकारपदे भूषविणाऱ्या तरुणांना अंगमेहनतीचा एकदा तरी प्रत्यक्ष अनुभव मिळावा, ही या उपक्रमाची शैक्षणिक बाजू होती.

प्रयोगाचे स्वरूप आणि नेतृत्व

नॉर्थ हिंक्सी, किंवा तेव्हाच्या प्रचारातील नावाने फेरी हिंक्सी, हे खेडे ऑक्सफर्डच्या पश्चिमेस थेम्स नदीच्या पलीकडे वसले आहे. आज ते ऑक्सफर्डशायरमध्ये मोडत असले तरी १८७४ मध्ये त्याचा समावेश बर्कशायर परगण्यात होता. तेथील जमीन सखल व पाणथळ होती. गावात नीटसा रस्ता नसल्याने गाड्या गावच्या मोकळ्या हिरवळीवरून जात. चाकोऱ्या खोल होत आणि पावसाळी दिवसांत सगळीकडे चिखल माजे. ही हिरवळ राखली जावी आणि झोपड्यांपर्यंत जाणारी गाडीवाट पक्की व्हावी, असा दुहेरी उद्देश ठेवून रस्किन यांनी तेथील जमीनमालक हारकोर्ट यांच्याकडे परवानगी मागितली व ती त्यांना मिळाली.

मार्च १८७४ मध्ये रस्किन यांनी प्रामुख्याने बेलियल महाविद्यालयातील निवडक विद्यार्थ्यांना आपल्याकडे न्याहारीस बोलावून ही कल्पना त्यांच्यापुढे मांडली. त्यानंतर मात्र ते स्वतः इटलीच्या दीर्घ प्रवासास निघून गेले आणि शरद ऋतूपर्यंत परतले नाहीत. कामाचा आरंभ त्यांच्या गैरहजेरीत झाला. देखरेखीसाठी त्यांनी आपला माळी डेव्हिड डाउन्स यास पाठविले. विद्यार्थ्यांच्या तुकड्या ठरलेल्या दिवशी नदी ओलांडून जात, माती खणून सपाटी करीत, दगड फोडून अंथरीत. या विद्यार्थ्यांपैकी आर्नल्ड टॉयन्बी याच्याकडे मुकादमाचे काम आले. (विसाव्या शतकातील प्रसिद्ध इतिहासकार आर्नल्ड जे. टॉयन्बी हे त्याचे पुतणे होत. नामसाधर्म्यामुळे दोघांत गल्लत होण्याचा संभव असतो.) रस्किन परतल्यावर स्वतः कामावर येऊ लागले. तत्पूर्वी त्यांनी खडी फोडण्याचे काम प्रत्यक्ष शिकून घेतले होते. विद्यार्थ्यांना न्याहारीस बोलावून त्यांच्याशी चर्चा करण्याचा क्रमही चालू राहिला. या चर्चांना अनौपचारिक अभ्यासवर्गाचे स्वरूप होते, असे म्हणता येईल.

नेतृत्वाच्या दृष्टीने या मांडणीतील तीन बाबी लक्षणीय आहेत. पहिली, कल्पनेचा जनक आरंभीच्या निर्णायक महिन्यांत जागेवर नव्हता. दुसरी, रस्तेबांधणीचे शास्त्र जाणणारा कोणी त्या कामावर प्रमुख म्हणून नव्हता. डाउन्स हा कसबी माळी होता, रस्ता बांधणारा नव्हे. तिसरी, ज्यांच्या दारापुढे हा रस्ता जाणार होता ते गावकरी या कथेत जवळजवळ अबोल आहेत. परवानगी जमीनमालकाची घेतली गेली. हिंक्सीविषयी पुन्हापुन्हा आधारास घेतले जाणारे वृत्तान्त रस्किन यांचे चरित्रकार डब्ल्यू. जी. कॉलिंगवुड व ई. टी. कुक आणि साहित्यिक ऑस्कर वाइल्ड यांचे आहेत. म्हणजे ते सर्व विद्यापीठाच्या बाजूने लिहिलेले आहेत.

उपहास आणि साक्षी

उच्चकुलीन विद्यार्थी फावडी चालवीत आहेत, ही वार्ता लवकरच पसरली. ऑक्सफर्डमधील प्राध्यापक व विद्यार्थी नदीकाठी जमून थट्टा करीत; 'पंच' या विनोदी साप्ताहिकानेही या उपक्रमाची खिल्ली उडविली. या उपहासामागील वर्गभावना उघड आहे. तेच तरुण वल्हे मारून घामाघूम झाले असते तर त्यात कोणाला काही वावगे दिसले नसते. श्रमाने घाम यावा याला समाजाची हरकत नव्हती. तो घाम उपयुक्त कामात गळावा, ही गोष्ट मात्र सभ्य गृहस्थास कमीपणा आणणारी मानली जात होती.

या प्रयोगाची सर्वांत वाचनीय हकीकत ऑस्कर वाइल्ड यांनी १८८२ मधील आपल्या अमेरिकेतील व्याख्यानात सांगितली. एका उन्हाळी दुपारी खेळावयास निघालेल्या तरुणांच्या टोळक्याला रस्किन रस्त्यात भेटले, त्यांनी उपयुक्त श्रमाचा विचार मांडला आणि आम्ही सारे कामाला लागलो, असे ते कथन आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ते सावधपणे वापरावयास हवे. वाइल्ड यांनी ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयात प्रवेश घेतला तो ऑक्टोबर १८७४ मध्ये. योजना मांडली गेली ती त्या वर्षीच्या मार्चमध्ये. आरंभीच्या प्रसंगी ते हजर असणे शक्य नाही. हिवाळ्यातील कामात त्यांचा सहभाग होता, असे मानण्यास हरकत नाही. परंतु प्रारंभाची गोष्ट ही ऐकीव हकिकतीला दिलेले प्रत्यक्षदर्शी रूप आहे. त्यांच्या कथनाचा शेवट मात्र बोलका आहे. रस्किन पुढे परदेशी गेले, तरुण पांगले आणि रस्ता दलदलीच्या मध्यावर येऊन थांबला, असे ते सांगतात.

रस्त्याचा हिशेब

पुढील वर्षी, १८७५ मध्ये, काम थंडावत जाऊन बंद पडले. जो भाग तयार झाला तोही उत्तम नव्हता. सबंध राज्यात याहून वाईट रस्ता क्वचितच असेल, असे रस्किन स्वतःच हसत हसत कबूल करीत आणि त्यातील जो भाग सपाट होता त्याचे श्रेय डाउन्सला देत, असे कुक यांनी नोंदविले आहे.

अपयशाची कारणे शोधणे कठीण नाही. पाणथळ भूमीत रस्ता टिकतो तो वरच्या खडीमुळे नव्हे, तर खालच्या निचऱ्यामुळे. पाणी वाहून जाण्यासाठी दोन्ही बाजूंना चर, त्यावर पुरेसा भराव, भराव बसण्यासाठी अवधी आणि त्यानंतर थरावर थर अंथरलेली एकसारख्या आकाराची खडी, हा क्रम इंग्लंडमध्ये अज्ञात नव्हता. टेलफर्ड व मॅकॅडम या अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तो प्रस्थापित केला होता. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. ते या कामावर पुरेसे आणले गेले नाही. शिवाय विद्यार्थी सत्रापुरते राहणारे. सुटी लागली की हात रिकामे. दर वर्षी तुकडी बदलणार आणि नवशिक्यांनी पुन्हा पहिल्यापासून शिकावयाचे. रस्ता ही तर सतत देखभाल मागणारी गोष्ट. काम सोडल्यानंतर ती वाट कोणी राखावयाची, याची तजवीक योजनेत दिसत नाही.

येथे एक विसंगती नजरेत भरते. सुबक, प्रामाणिक कारागिरी हे रस्किन यांच्या विचाराचे केंद्र होते. व्हेनिसमधील मध्ययुगीन पाथरवटांच्या कामाची त्यांनी केलेली मीमांसा प्रसिद्ध आहे. हात, मन आणि कौशल्य यांचा मेळ म्हणजे खरे श्रम, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. त्यांच्याच प्रयोगात मात्र श्रमाची भावना राखली गेली आणि श्रमाचे कसब दुय्यम ठरले. मजुराच्या कामाला प्रतिष्ठा देणे म्हणजे त्या कामात कौशल्य असते हे मान्य करणे. कोणीही न शिकता ते करू शकेल असे गृहीत धरण्यात त्या कामाचा नकळत अवमानच होतो.

खोदणाऱ्यांचा हिशेब

प्रयोगाची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. टॉयन्बी (१८५२-१८८३) हा पुढे बेलियलमध्ये अध्यापक झाला. औद्योगिक क्रांतीवरील त्याची व्याख्याने त्याच्या अकाली मृत्यूनंतर १८८४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि 'औद्योगिक क्रांती' ही संज्ञा इंग्रजी इतिहासलेखनात रूढ होण्यास ती मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. त्याच्या स्मरणार्थ पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीत १८८४ मध्ये 'टॉयन्बी हॉल' स्थापन झाले. विद्यापीठातील तरुणांनी गरीब वस्तीत राहावे, शेजारी म्हणून काम करावे, ही कल्पना तेथे संस्थारूपाने उभी राहिली. कॉलिंगवुड व अलेक्झांडर वेडरबर्न या दोघा सहभागी विद्यार्थ्यांनी रस्किन यांच्या विचारांचे जतन केले. वेडरबर्न यांनी कुक यांच्यासह संपादित केलेले रस्किन यांचे समग्र साहित्य ३९ खंडांत १९०३ ते १९१२ या काळात प्रसिद्ध झाले.

वाटेच्या इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव हार्डविक रॉन्सली (१८५१-१९२०) यांचे होय. तेही हिंक्सीच्या खोदकामातील विद्यार्थी. धर्मगुरू होऊन ते इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात स्थायिक झाले. तेथील जमीनमालकांनी जुन्या पायवाटा बंद करण्यास सुरुवात केली, तेव्हा केझिक येथील पायवाट-संरक्षण संघटनेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये लॅट्रिग या टेकडीवरील अडविलेल्या वाटेवरून सुमारे दोन हजार लोक चालून गेले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले. १८९५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल व रॉबर्ट हंटर यांच्यासह रॉन्सली यांनी 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेची स्थापना केली. हिंक्सीत ज्याने वाट बांधण्याचा प्रयत्न केला त्याने पुढे लोकांचा वाटेवरील हक्क राखण्याचे काम केले, हा दुवा दुर्लक्षण्यासारखा नाही.

तथापि या यादीवरून घाईने निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. जे विद्यार्थी खोदकामास गेले ते मुळातच समाजाभिमुख वृत्तीचे होते. खोदकामाने ती वृत्ती निर्माण केली की केवळ तिला वाट करून दिली, हे ठरविणे अवघड आहे. शिवाय हिंक्सीशी निगडित नावांत आल्फ्रेड मिल्नर यांचेही नाव येते. ते पुढे दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश साम्राज्याचे उच्चायुक्त झाले आणि बोअर युद्धाच्या धोरणाचे प्रमुख शिल्पकार ठरले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९०४ पासून, ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींसाठी चिनी करारबद्ध मजूर आणण्यात आले. स्वतः फावडे धरल्याने परक्या श्रमिकाविषयी न्यायबुद्धी आपोआप जागृत होते, असा सिद्धांत मिल्नर यांच्या उदाहरणापुढे टिकत नाही.

हिंक्सी ते फिनिक्स

याच १९०४ साली, मिल्नर यांच्याच अमलाखालील जोहान्सबर्ग शहरातून दरबानला निघालेल्या गांधीजींच्या हाती त्यांचे स्नेही हेन्री पोलॉक यांनी 'अन्टू धिस लास्ट' हे पुस्तक ठेवले. रात्रभराच्या आगगाडीच्या प्रवासात गांधीजींनी ते वाचून काढले. सर्वांच्या हितात व्यक्तीचे हित सामावलेले आहे. वकिलाच्या व न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच आहे. शेतकऱ्याचे व कारागिराचे श्रमाचे जीवन हेच खरे जीवन आहे, असा तिहेरी बोध त्यांनी त्यातून घेतल्याचे आत्मकथेत नमूद केले आहे. त्याच वर्षी दरबाननजीक सुमारे शंभर एकर जमिनीवर फिनिक्स वसाहत उभी राहिली व 'इंडियन ओपिनियन'चा छापखाना तेथे हलविण्यात आला. १९०८ मध्ये त्यांनी रस्किन यांच्या पुस्तकाचा गुजराती सारानुवाद 'सर्वोदय' या नावाने क्रमशः प्रसिद्ध केला.

हिंक्सी आणि फिनिक्स या एकाच विचारबीजाच्या दोन शाखा होत. परंतु त्यांत मूलभूत अंतर आहे. हिंक्सीचा विद्यार्थी काम आटोपून नदीपलीकडे आपल्या महाविद्यालयात परत जाई. त्याने बांधलेल्या रस्त्यावरून त्याला रोज चालावयाचे नव्हते. फिनिक्समध्ये ज्याने वाट तयार केली तोच तिच्यावरून चालत होता, ज्याने विहीर खणली तोच तिचे पाणी पीत होता. तेथे निकृष्ट कामाची शिक्षा काम करणाऱ्यालाच भोगावी लागे. श्रमदानाचे रूपांतर नित्याच्या शरीरश्रमात झाल्याने कामाची गुणवत्ता हा नैतिकतेचाच भाग बनला.

महाराष्ट्रात या विचाराला आधीच काही स्वतंत्र प्रवाह येऊन मिळाले होते. पारनेर येथे सेनापती बापट यांनी हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडण्याचा नेम धरला. संत गाडगेबाबांनी कीर्तनाआधी गाव झाडण्याचा परिपाठ घालून दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका' या तत्त्वाने विद्यार्थ्यांचे श्रम शिक्षणक्रमाचा भाग बनले. कर्मवीरांच्या वसतिगृहातील विद्यार्थी बहुजन समाजातील होते. त्यांना श्रमाची ओळख करून देण्याची गरज नव्हती. जे श्रम त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होते त्यांतूनच शिक्षणाचा मार्ग काढावयाचा होता. हिंक्सीची रीत जशीच्या तशी भारतीय महाविद्यालयास लागू करता येत नाही, याचे हे महत्त्वाचे कारण आहे. येथील वर्गात श्रमाला पारखा झालेला विद्यार्थी आणि श्रमातून सुटका शोधणारा विद्यार्थी शेजारी शेजारी बसलेले असतात. एकाच फावड्याचा अर्थ दोघांना सारखा नसतो.

भारतीय विद्यापीठे आणि राष्ट्रीय सेवा योजना

स्वातंत्र्यानंतर विद्यार्थ्यांच्या समाजसेवेस संस्थात्मक रूप देण्याचा विचार दीर्घकाळ चालला. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) स्वेच्छेने करावयाच्या सेवेची शिफारस केली. १९५९ मध्ये डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने विद्यार्थ्यांसाठी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेची योजना सुचविली. त्यानंतर प्रा. के. जी. सैयदैन यांनी विविध देशांतील अशा योजनांचा अभ्यास करून ही सेवा स्वेच्छेची असावी असे मत दिले. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा आग्रह धरला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ केला. पहिल्या वर्षी सुमारे ४०,००० विद्यार्थी तिच्यात सहभागी झाले.

सक्ती की स्वेच्छा, हा वाद येथे पुन्हा उपस्थित झाला होता हे ध्यानात घ्यावयास हवे. अनुच्छेद २३ मध्ये सार्वजनिक प्रयोजनासाठी अनिवार्य सेवेची तरतूद करता येते. अट एवढीच की धर्म, वंश, जात वा वर्ग यांच्या आधारे भेद करता कामा नये. तरीही देशाने स्वेच्छेचा मार्ग निवडला. वेठीची स्मृती ताजी असलेल्या समाजात ही निवड उचितच होती. व्यवहारात मात्र स्वेच्छेच्या या योजनेला तासांचे गणित जोडले गेले. स्वयंसेवकाने वर्षाला १२० व दोन वर्षांत २४० तास काम करावे, दत्तक गावी विशेष शिबिरात राहावे, कार्यक्रम अधिकारी असलेल्या प्राध्यापकाने अहवाल सादर करावा, अशी रचना झाली. अहवालात विद्यार्थी-संख्या आणि श्रमाचे तास यांना रकाना मिळतो. वाट पहिल्या पावसाळ्यानंतर टिकली की नाही, हे मात्र पुढील वर्षी त्या गावी पुन्हा गेल्याखेरीज कळत नाही. आणि दत्तक गाव बदलले की तो प्रश्नच उरत नाही.

रस्किन यांचा प्रयोग ज्या ठिकाणी अडखळला ती ठिकाणे या संदर्भात ओळखीची वाटतात. मार्गदर्शक प्राध्यापकाची उपस्थिती, कामाचे तांत्रिक ज्ञान, गावकऱ्यांचा विचार व सहभाग, तुकड्यांमधील सातत्य आणि काम झाल्यानंतरची देखभाल या पाचांपैकी एकही बाब पैशांच्या अभावी अडत नाही. गावात पूर्वी रस्त्याच्या कामावर गेलेला मजूर असतो, बांध घालणारा अनुभवी शेतकरी असतो. शिबिरात त्याला प्रेक्षक न ठेवता मुकादम केले, तर रस्ता सुधारतो आणि विद्यार्थीही खरा धडा शिकतो. ज्ञान देण्याघेण्याची नेहमीची दिशा निदान काही तास उलटी होते. हिंक्सीत रस्ता जेथे सपाट होता त्याचे श्रेय रस्किन यांनी माळ्यास दिले, यातील मर्म हेच आहे.

निष्कर्ष

हिंक्सीच्या प्रयोगाचे मूल्यमापन करताना दोन हिशेब स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक ठरते. पहिला हिशेब रस्त्याचा. तो गावाचा आहे आणि त्यात प्रयोगाची बाजू उणीच राहते. दुसरा हिशेब खोदणाऱ्यांचा. तो विद्यापीठाचा आहे. त्यात टॉयन्बी व रॉन्सली यांची जमा मोठी असली तरी मिल्नर यांची नोंदही त्याच पानावर करावी लागते. 'रस्ता झाला नाही, पण माणसे घडली' या विधानातील चूक अशी की, ते दुसऱ्या खात्यावरील शिल्लक पहिल्या खात्यावर वळती करते. विद्यार्थी घडला म्हणून गावकऱ्याची गाडी चिखलातून बाहेर निघत नाही.

त्याचबरोबर, रस्ता बिघडला म्हणून प्रयोग व्यर्थ होता असे म्हणणेही इतिहासाला धरून होणार नाही. शतकानुशतके ज्यांच्यावर वाट बांधण्याची सक्ती होती त्यांचे हत्यार, ज्यांच्यावर ती कधीच नव्हती त्यांच्या हाती एका प्राध्यापकाने स्वेच्छेने दिले आणि उपहास सोसूनही ते काम सुरू ठेवले, ही घटना उच्च शिक्षणाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगीच आहे. तिचा वारसा सांगणाऱ्या आजच्या महाविद्यालयांनी रस्किन यांचा हेतू आणि डाउन्सचे कसब यांपैकी केवळ पहिल्याचा स्वीकार करून भागणार नाही. शिबिराच्या समारोपाच्या दिवशी वाट पूर्ण झाल्याचे जाहीर होते. तिची खरी परीक्षा मात्र पुढील पावसाळ्यात होते, आणि ती घेण्याचा अधिकार त्या वाटेने जाणाऱ्या गावकऱ्याचा असतो.